बोक्खोरिसची मुद्रा : एका फायान्स स्कॅरॅबवर कालगणनेचा किती भार टाकावा?

प्रस्तावना

इटलीत नेपल्सच्या उपसागराच्या तोंडाशी इस्किया नावाचे बेट आहे. इ.स.पू. आठव्या शतकात युबिया बेटावरील ग्रीकांनी तेथे पिथेकुसाय ही वसाहत वसवली. पश्चिम भूमध्य प्रदेशातील ग्रीकांची ही सर्वांत जुनी मोठी वस्ती मानली जाते. जॉर्जिओ बुकनर यांनी १९५२ पासून तेथील सान मोन्तानो खोऱ्यातील दफनभूमीचे उत्खनन केले. ग्रीक लिपीतील अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी एक ज्यावर कोरला आहे तो 'नेस्टरचा पेला' याच दफनभूमीतील १६८ क्रमांकाच्या थडग्यात सापडला, आणि अभ्यासक्रमात पिथेकुसायचे नाव येते ते बहुधा त्या पेल्यामुळे.

आपण मात्र ३२५ क्रमांकाच्या थडग्याकडे वळणार आहोत. ते एका लहान मुलाचे आहे. मुलाबरोबर पुरलेल्या वस्तूंत इजिप्शियन फायान्सची एक स्कॅरॅब मुद्रा होती. स्कॅरॅब म्हणजे शेणकिड्याच्या आकाराची, आडवी आरपार छिद्र पाडलेली छोटी मुद्रा. तिच्या सपाट तळावर बोक्खोरिस या इजिप्शियन राजाचे नाव आहे. आज ती बेटावरच, लाको आमेनो गावातील व्हिला अर्बुस्तो येथील संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

इ.स.पू. आठव्या शतकातील ग्रीक आणि इटालियन मृद्भांड्यांना जी वर्षे दिली जातात, त्यांच्या मुळाशी असलेल्या मोजक्या आधारांपैकी ही मुद्रा एक आहे. भांड्यांच्या शैलींवरून वसाहतींचा काळ ठरतो आणि वसाहतींच्या काळावरून लिपीच्या प्रसाराचा. म्हणजे कमरेच्या करदोट्यात सहज ओवता येईल एवढ्या वस्तूवर एका शतकाचा इतिहास टांगलेला आहे. हा भार ती पेलू शकते का, हा आपला प्रश्न. ग्रंथांत तिचा उल्लेख सहसा 'बोक्खोरिसची फायान्स मुद्रा' अशा धर्तीवर येतो. या तीनही शब्दांत कोणी तरी काही तरी गृहीत धरलेले आहे, म्हणून एकेक शब्द तपासू.

'फायान्स' म्हणजे काय

हा शब्दच मुळात चुकीचा आहे. इटलीतील फाएन्झा गावात मध्ययुगाच्या अखेरीस कथिलाची पांढरी झिलई दिलेली मातीची भांडी होत. त्या गावाच्या नावावरून युरोपात अशा भांड्यांना फायान्स म्हणू लागले. पुढे इजिप्तमधील निळ्या-हिरव्या चकाकत्या वस्तू पाहून प्रवाशांनी तेच नाव त्यांना दिले. इजिप्शियन फायान्समध्ये कुंभाराची माती जवळजवळ नसतेच. गारगोटीची भुकटी किंवा वाळू, थोडा चुना, आणि नॅट्रॉन हा खाऱ्या सरोवरांच्या काठी मिळणारा क्षार किंवा वनस्पतींची राख, एवढेच त्याचे घटक. त्यात सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असते. निळा-हिरवा रंग तांब्याच्या संयुगांमुळे येतो. प्राचीन इजिप्शियन भाषेत या पदार्थाला 'चेहेनेत' असे नाव होते आणि त्याचा अर्थ 'लखलखणारे' असा होता. ते नाव जास्त योग्य होते, पण आता फायान्स हेच रूढ आहे, तेव्हा आपणही तेच वापरू.

झिलई चढवण्याच्या तीन पद्धती अभ्यासकांनी ओळखल्या आहेत. झिलईचा पातळ लगदा वस्तूवर वरून लावणे, ही पहिली आणि समजायला सोपी. दुसरीत क्षार आधीच लगद्यात मिसळलेले असतात. वस्तू सुकताना पाण्याबरोबर ते पृष्ठभागावर येतात (पावसाळ्यानंतर जुन्या भिंतीवर पांढरा खार फुटतो, तसे) आणि भट्टीत वितळून त्यांचीच झिलई होते. तिसऱ्या पद्धतीत न रंगवलेली वस्तू क्षार, चुना आणि तांबे यांच्या भुकटीत पुरून भाजतात. भाजल्यावर भुकटी ठिसूळ होऊन गळून पडते आणि आतली वस्तू चकाकत बाहेर येते. इराणमधील कुम शहरात विसाव्या शतकातही कारागीर याच रीतीने निळे मणी करत होते आणि १९६०च्या दशकात संशोधकांनी त्याची नोंद केली. ते मणी गाढवांच्या आणि इतर जनावरांच्या गळ्यात बांधत, दृष्ट लागू नये म्हणून. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

फायान्स स्वस्त होते, हा कालगणनेच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. नील नदीच्या काठी वाळूला तोटा नव्हता. लगदा मातीच्या साच्यात दाबला की एका साच्यातून कितीही नग निघत. फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९१-९२ मध्ये अमार्ना येथे खणले तेव्हा अंगठ्या, मणी आणि ताइतांचे साचे त्यांना मोठ्या संख्येने मिळाले. त्याआधी १८८४-८५ मध्ये नाइलच्या त्रिभुज प्रदेशातील नॉक्रातिस या ग्रीक व्यापारी वस्तीत त्यांना स्कॅरॅबचा एक कारखानाच सापडला होता. तेथील माल भूमध्य समुद्राभोवती दूरवर गेला. अशा वस्तूवर राजाचे नाव आहे म्हणून ती राजाच्या दरबारातून निघाली असे म्हणणे, बाजारातल्या कॅलेंडरवर देवाचे चित्र आहे म्हणून ते देवळात छापले असे म्हणण्यासारखे आहे.

'मुद्रा' की ताईत?

मुद्रा म्हणजे ठसा उमटवण्याचे साधन. इजिप्तमध्ये स्कॅरॅब खरोखर या कामासाठी वापरले जात. मध्य राज्याच्या काळात न्युबियात बांधलेल्या उरोनार्ती किल्ल्यात ओल्या मातीवर उमटवलेले हजारो ठसे मिळाले आहेत. पोती, पेट्या, पत्रे, कोठारांची दारे यांना दोरी बांधून गाठीवर मातीचा गोळा थापत आणि त्यावर मुद्रा दाबत. आपल्याकडे लोथलच्या वखारीत साठाहून अधिक ठसे सापडले, त्यांच्या मागच्या बाजूला चटई, बांबू आणि दोरीच्या खुणा आहेत. मुद्रेने काय काम केले हे त्या मागच्या बाजूवरून कळते. मुद्रा स्वतः ते सांगत नाही.

काम करणाऱ्या मुद्रेसाठी इजिप्शियनांचा आवडता दगड स्टीटाइट, म्हणजे शंखजिरे. तो नखाने ओरखडा पडेल इतका मऊ असतो, त्यामुळे बारीक कोरीवकाम सहज होते. झिलई देऊन भाजला की तो कठीण होतो. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा याच दगडाच्या आहेत, त्यांनाही भाजून पांढरा, कठीण पृष्ठभाग आणलेला आहे. फायान्सचा लगदा मात्र रवाळ असतो, त्यात धारदार रेषा धरत नाही. जी काही रेषा उमटते तिच्यात भट्टीत झिलई साचते आणि खोली कमी होते. वस्तू ठिसूळ, कडा लवकर झिजणाऱ्या. फायान्सच्या मुद्रेने ठसा उमटतच नाही असे नाही, पण रोज पन्नास पोत्यांवर दाबायची असेल तर कोणी कारकून ती निवडणार नाही.

मग ती होती कशासाठी? शेणकिडा शेणाचा गोळा ढकलत नेतो, आणि जमिनीत पुरलेल्या शेणातून पुढे त्याची पिल्ले बाहेर येतात. इजिप्शियनांनी त्यात सूर्याला आकाशातून ढकलणारा आणि आपोआप जन्मणारा देव पाहिला. खेप्री हे त्या देवाचे नाव, 'खेपेर' म्हणजे होणे, अस्तित्वात येणे. त्यामुळे अशा आकाराची वस्तू अंगावर असणे हेच मुळी संरक्षण होते. पिथेकुसाय येथे इजिप्शियन आणि इजिप्शियन धर्तीचे स्कॅरॅब एका थडग्यापुरते नाहीत, आणि ते बहुतांशी लहान मुलांच्या थडग्यांत आहेत. मोठ्या माणसांना तेथे सहसा अग्नी देत, मुलांना पुरत. पुरताना गळ्यातले किंवा मनगटातले तसेच राहिले असावे. ग्रीसमध्ये पेराखोरा येथील हेरा देवीच्या स्थानीही शेकडो स्कॅरॅब वाहिलेले सापडले आहेत.

याचा अर्थ असा की, इजिप्तमध्ये जी वस्तू मुद्रेच्या घाटाची होती ती इस्कियाला पोहोचेपर्यंत ताईत झाली होती. बहुधा फिनिशियन व्यापाऱ्यांच्या हातून ती गेली असेल. बाळाच्या आईला त्या तळावरची चित्रलिपी वाचता येत नव्हती, आणि वाचण्याची गरजही नव्हती. न वाचता येणारे अक्षर हे ताइताच्या दृष्टीने उणे नाहीच. आपल्याकडे ताइतात घातलेले यंत्र किती जण उलगडून वाचतात? कुमच्या निळ्या मण्यांचा धागा इथे जुळतो. निळी झिलई आणि दृष्टीची भीती यांची जोडी फार जुनी आहे.

संग्रहालये आजही अशा वस्तूंच्या पट्टीवर 'मुद्रा' लिहितात. घाटाचे नाव म्हणून ते ठीक आहे. पण विद्यार्थी 'मुद्रा' हा शब्द वाचून प्रशासन, अधिकार, व्यापारी नोंदी अशी कल्पना करतो, आणि इथे तर एका आजारी किंवा अशक्त मुलाला जपण्याचा प्रयत्न असू शकतो. 'मुद्रेच्या घाटाचा ताईत' असे लिहिले तर पट्टी दोन शब्दांनी वाढेल एवढेच.

'बोक्खोरिसची' : नावाचे राजकारण आणि नावाचा काळ

बोक्खोरिस हे ग्रीक रूप. इजिप्शियन नाव बाकेनरानेफ, ज्याचा अर्थ 'त्याच्या नावाचा सेवक'. नावाने त्याला पुढे जी सेवा करायला लावली ती पाहता हा योगायोग गमतीचा आहे. चोविसाव्या राजवंशाचा हा राजा त्रिभुज प्रदेशातील साइस येथून राज्य करत होता. त्याची सत्ता सगळ्या इजिप्तवर नव्हती. मानेथो त्याला सहा वर्षे देतो. सक्कारा येथील सेरापेउममध्ये, म्हणजे पवित्र आपिस बैलांच्या भूमिगत दफनस्थानात, त्याच्या सहाव्या राज्यवर्षाची नोंद आहे. मानेथोच्याच म्हणण्याप्रमाणे नुबियन राजा शबाका याने त्याला पकडून जिवंत जाळले. त्याची कारकीर्द साधारण इ.स.पू. ७२० ते ७१५ या दरम्यान ठेवतात. नुबियन राजांच्या क्रमाविषयीच्या वादामुळे ती काही वर्षे मागेपुढे होते.

स्कॅरॅबवर त्याचे सिंहासननाम आहे : वाहकारे. युक्तिवाद अगदी साधा आहे. राजा गादीवर येण्यापूर्वी त्याचे सिंहासननाम असू शकत नाही. म्हणून मुद्रा त्याच्या राज्यारोहणानंतरची. थडगे मुद्रेनंतरचे, किंवा फार तर त्याच सुमाराचे. म्हणून थडगे आणि त्यातील भांडी इ.स.पू. ७२०च्या आधीची नाहीत. थडग्यातील भांडी पिथेकुसायच्या उत्तर-भौमितिक शैलीच्या दुसऱ्या टप्प्यातील आहेत. हा टप्पा कॉरिंथहून येणाऱ्या, आद्य प्रोटो-कॉरिंथियन शैलीच्या गोलसर तेलकुप्यांशी समकालीन आहे. त्या कुप्या भूमध्य समुद्राभोवती सर्वत्र मिळतात. एका ठिकाणी वर्ष मिळाले की ते सगळीकडे लागू करता येते. जे. एन. कोल्डस्ट्रीम यांच्या १९६८ सालच्या 'ग्रीक जिऑमेट्रिक पॉटरी' या ग्रंथातील कालपटात या स्कॅरॅबला स्थान मिळाले, आणि त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक तक्त्यात ती सावली दिसते.

युक्तिवादाच्या दोन पायऱ्या आहेत आणि दोन्हींवर घसरायला जागा आहे.

पहिली पायरी : राजाचे नाव म्हणजे राजाचा काळ. इजिप्तमध्ये हे सरसकट खरे नाही. मेनखेपेररे हे तिसऱ्या थुतमोसचे सिंहासननाम. त्याची कारकीर्द इ.स.पू. १४७९ ते १४२५ अशी मानतात. त्याचे नाव असलेले स्कॅरॅब जगभरच्या संग्रहालयांत इतके आहेत की मोजता मोजता कंटाळा यावा, आणि त्यांतील कितीतरी त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी केलेले आहेत. पराक्रमी राजाचे नाव हाच मंत्र झाला होता. त्या तीन चिन्हांत अमुन देवाचे नाव गुप्तपणे वाचता येते, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. भारतीय इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये दुसऱ्या शाह आलमच्या नावाने रुपये पाडले आणि त्यांवर त्याचे एकोणिसावे राज्यवर्ष गोठवून ठेवले. शाह आलम १८०६ मध्ये वारला, पण त्याच्या नावाची नाणी १८३५च्या नाणे-सुधारणेपर्यंत पडत राहिली. केवळ नाणे हातात घेऊन कोणी काळ सांगू लागला तर तो अर्ध्या शतकाने चुकू शकतो.

बोक्खोरिसच्या बाजूने इथे एक गोष्ट बोलते. तो थुतमोससारखा मोठा राजा नव्हता. सहा वर्षे अर्ध्या देशावर राज्य केले आणि जाळला गेला; अशा राजाचे नाव कोण मंत्र म्हणून जपणार? पुढे ग्रीक लेखकांत, विशेषतः डायोडोरसकडे, तो शहाणा आणि न्यायी विधिकर्ता म्हणून दिसतो, म्हणजे त्याची आठवण पुसली गेली नव्हती. पण ती आठवण ताईत विकणाऱ्याच्या कामाची होती असे दाखवणारा पुरावा तुटपुंजा आहे. दुसरी बारीक अडचण अशी की वाहकारे हे सिंहासननाम त्याच्या एकट्याचे नाही. त्याच्या सुमारे तेराशे वर्षे आधी हेराक्लिओपोलिसच्या खेती नावाच्या एका राजाने तेच घेतले होते. म्हणून नुसते नाव वाचून भागत नाही. मुद्रेची घडण, फायान्सचा प्रकार आणि बरोबर सापडलेल्या वस्तू यांच्याशी ते जुळावे लागते, आणि या बाबतीत ते बोक्खोरिसशी जुळते. माझ्या मते पहिली पायरी बऱ्यापैकी भक्कम आहे.

दुसरी पायरी : मुद्रा केली तेव्हाच पुरली. इथे जास्त सावध राहिले पाहिजे. पुरातत्त्वात 'टर्मिनस पोस्ट क्वेम' अशी एक संज्ञा आहे. 'या वेळेनंतर' अशी खालची मर्यादा, असा तिचा अर्थ. स्कॅरॅब आपल्याला एवढीच मर्यादा देते. थडगे इ.स.पू. ७१५चे असू शकते, ७०० चे असू शकते, ६९० चेही असू शकते. पण पाठ्यपुस्तकात उतरताना ही 'नंतर' विभक्ती हळूच गळते. 'इ.स.पू. ७२० नंतर' चे 'सुमारे इ.स.पू. ७२०' होते, आणि पुढच्या आवृत्तीत 'सुमारे' ही जाते. विद्यार्थ्याने तक्त्यात 'इ.स.पू. ७२०' पाहिले की त्याला वाटते तिथे तारीखच लिहिलेली सापडली.

काही जण म्हणतात की थडगे लहान मुलाचे असल्यामुळे मुद्रा त्याने फार वर्षे वापरलेली नसणार, म्हणून अंतर कमी. हा मुद्दा ऐकायला गोड आहे, पण ताइताच्या बाबतीत तो उलटाही फिरतो. मुलाच्या गळ्यातला ताईत नवा असतोच असे नाही. आजीच्या काळचा, मोठ्या भावंडाला लाभलेला, असा ताईत मुद्दाम घातला जातो. मुलाचे वय मुलाविषयी सांगते, मुद्रेच्या वयाविषयी त्यावरून काही काढणे धोक्याचे.

याच राजाच्या नावाची दुसरी वस्तू हा धोका डोळ्यांसमोर आणते. इटलीतील तारक्विनिया येथे १८९५ मध्ये एका एट्रुस्कन थडग्यात फायान्सचे एक उंच भांडे सापडले. ते 'बोक्खोरिस कलश' म्हणून ओळखले जाते आणि तारक्विनियाच्याच राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वरच्या पट्ट्यात देवतांच्या मध्ये राजा, खालच्या पट्ट्यात ताडाच्या झाडांमध्ये बांधलेले नुबियन कैदी आणि माकडे. (ज्या नुबियन राजाने त्याला जाळले असे मानेथो म्हणतो, त्याचे लोक इथे कैदी आहेत.) हे भांडे इजिप्तमध्ये झाले की फिनिशियन कारागिरांनी केले यावर एकमत नाही. ते थडगे इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुरुवातीचे किंवा त्याहून थोडे नंतरचे मानतात. म्हणजे राजा गेल्यानंतरही त्याच्या नावाची वस्तू काही वर्षे, कदाचित एक पिढी, फिरत राहिली. एट्रुस्कन सरदाराचे भांडे फिरू शकते तर इस्कियातील बाळाचा ताईतही फिरू शकतो.

तरीही स्कॅरॅबला एकाकी साक्षीदार म्हणून बाद करता येत नाही. थ्युसिडिडीसने आपल्या इतिहासाच्या सहाव्या पुस्तकात सिसिलीतील ग्रीक वसाहतींचा क्रम दिला आहे. त्यावरून सिराक्यूजची स्थापना इ.स.पू. ७३३च्या सुमारास ठरते. त्या वसाहतींतील सर्वांत जुनी भांडी पाहून हम्फ्री पेन यांनी १९३१ मध्ये 'नेक्रोकॉरिंथिया' या ग्रंथात कॉरिंथियन शैलींची वर्षे मांडली होती. पिथेकुसायची स्कॅरॅब त्यानंतर सापडली आणि त्या मांडणीशी साधारण जुळली. तिचे खरे मोल मला यातच दिसते. थ्युसिडिडीसने ज्या घटना लिहिल्या त्या त्याच्या तीनशे वर्षे आधीच्या, तेव्हा त्याच्यावर एकट्यावर विसंबणे शक्य नव्हते. वेगळ्या देशातून, वेगळ्या प्रकारचा, ग्रीक ग्रंथांशी संबंध नसलेला पुरावा त्याच्या शेजारी येऊन बसला. दोन दुबळे आधार एकमेकांना टेकून उभे आहेत, हे मान्य करून चालायला हरकत नाही. एकाला खांब म्हणू नये.

अरिकमेडूचा दाखला

हीच पद्धत भारतात कशी चालली ते थोडक्यात पाहू, कारण आपल्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत तो भाग हमखास येतो. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले. इटलीतील आरेत्सो येथील तांबड्या चकाकत्या भांड्यांचे तुकडे तेथे मिळाले. त्या भांड्यांचा काळ युरोपात आधीच ठरलेला होता. त्यावरून अरिकमेडूचे थर आणि त्यांतील भारतीय चक्रांकित भांडी यांना वर्षे मिळाली, आणि ती वर्षे दक्षिणेतील इतर स्थळांना लावली गेली. परदेशी, तारीख माहीत असलेली वस्तू, तिच्याशेजारी स्थानिक भांडी, मग ती भांडी जिथे जिथे सापडतील तिथे तीच तारीख, पिथेकुसायसारखीच साखळी. पुढे विमला बेग्ली यांनी जुन्या सामग्रीची फेरतपासणी आणि नवे उत्खनन करून दाखवले की वस्ती रोमन भांड्यांच्या बरीच आधीची होती. परदेशी वस्तू येण्याचा क्षण हाच वस्तीच्या सुरुवातीचा क्षण समजला गेला होता. व्हीलरांची पद्धत चुकीची नव्हती, 'नंतर' या शब्दाचा विसर पडला होता.

संग्रहातल्या अनाम मुद्रा

आता उरलेल्या हजारोंविषयी. लंडनच्या पेट्री संग्रहालयापासून कैरो, बर्लिन, न्यूयॉर्कपर्यंत इजिप्शियन स्कॅरॅब खणांनी भरलेले आहेत. पेट्री यांनी १९१७ मध्ये राजांची नावे असलेल्या स्कॅरॅबची मोठी सूची छापली. ती राजांच्या क्रमाने लावली आहे आणि तिचा उपयोग आजही होतो. पण त्या संग्रहातील फार मोठा भाग बाजारातून विकत घेतलेला आहे. कोणत्या थडग्यातून, कोणाच्या हाताशी, कोणत्या भांड्यासोबत, यांपैकी काही माहीत नाही. अशा मुद्रेवर कितीही ठळक राजनाम असो, तिच्यावरून एकाही भांड्याचा काळ ठरत नाही. उलट भांडी आणि थर नसल्यामुळे तिचाच काळ नावावरून ठरवावा लागतो, आणि नाव किती फसवे असते ते मेनखेपेररेच्या उदाहरणात आपण पाहिले. खोदकाम करून चोरणाऱ्याने वस्तू नेली, विकत घेणाऱ्याने ती जपली, दोघांमध्ये मिळून संदर्भ मात्र कायमचा गेला.

काचेच्या कपाटात या मुद्रा बहुधा पाठ वर करून मांडतात, कारण किडा बघायला छान दिसतो. लेख खाली दबतो. आरसा ठेवलेला असला तर नशीब. व्हिला अर्बुस्तोतील स्कॅरॅबकडे पाहणाऱ्यालाही आधी किडा दिसावा, राजाचे नाव मागाहून, हे एका अर्थी बरोबरच आहे. त्या बाळाच्या घरच्यांनीही ती तशीच पाहिली असणार. पट्टीवर राजाचे नाव आहे, ज्याचा या बेटाशी काही संबंध नव्हता. ज्याच्यासाठी ती वस्तू समुद्र ओलांडून आली, त्या मुलाची ओळख ३२५ हा आकडा आहे.